कुशाबांच्या नावाचा तांब्या

दुपारची एसटी उमरठची चढण चढली आणि आमच्या फळीवरचा तांब्या पातेल्याला लागून किणकिणला. माझी लेक निशा झोपली होती, घरात दुसरा आवाज नव्हता. म्हणून या टिपणाला सुरुवात तरी करता आली.

शेजारी राष्ट्रं एकमेकांचं भांडं रिकामं परत करत नाहीत. सारा व्यापार या एका नियमावर उभा आहे. पलीकडच्या कुशाबा-राहीबाईंच्या घरून ताकाचा तांब्या यायचा, आमच्याकडून तो आमसुलं भरून जायचा. करार कुठे लिहिलेला नव्हता (म्हणूनच पाळला जात होता). मग एकदा राहीबाई म्हणाल्या, "औंदा आमसुलं जरा कडक झालीत गो." मालाच्या दर्जाविषयीचा हा आक्षेप आमच्या सरकारने, म्हणजे सासूबाईंनी, सार्वभौमत्वावरचा हल्ला मानला. निर्यात बंद झाली. नेमका तेव्हा तांब्या आमच्याकडे होता, कुशाबांचं नाव कोरलेला. रिकामा पाठवला तर अपमान, भरून पाठवला तर माघार. तेव्हापासून तो फळीवर आहे. ताक नाही, आणि ताकाशिवाय निशाला भात उतरत नाही. घास गालात धरून ती दगडी गडग्यापलीकडच्या त्यांच्या गाईकडे बघत बसते.

या घरात विरोधी पक्ष मी आहे. (नवरा, हर्षद, मुंबईत असतो, फोनवर चिंता व्यक्त करतो आणि दोन्ही बाजूंना संयमाचं आवाहन करतो.) अशा वेळी जबाबदार विरोधी पक्षाने काय करावं? आधी सरकार चुकलं हे ठणकावून सांगावं. मात्र सरकारला ऐकू जाणार नाही इतक्या आवाजात. मग पलीकडच्या विरोधी पक्षाशी बोलणी करावीत. राहीबाईंची सून मानसी आणि मी नळावर हे रोज करतो.

"तुझी सासू लय हट्टी," ती म्हणते.

"तुझी काय कमी हाय?" मी म्हणते.

एकमत होतं. हंडे भरतात. आम्ही आपापल्या देशी परततो. इतकी यशस्वी बोलणी मी दुसरी पाहिलेली नाहीत.

आज सरकार महाडच्या बाजाराला गेलंय. त्यामुळे इथवर लिहून मी उठले, बरणी काढली, तांब्या आमसुलांनी भरला आणि उंबऱ्यापर्यंत गेले. तिथे धोरणाचा विचार आडवा आला. संबंध जुळले तर श्रेय सरकारचं, फिसकटले तर खापर माझ्यावर. शिवाय जुळलेच, तर उद्या नळावर मानसीशी बोलायचं काय? तेव्हा, ज्या दिवशी डाव माझ्या हाती येईल त्या दिवशी हा प्रश्न अग्रक्रमाने सोडवण्यात येईल, असं मी ठरवलं. (तुमच्याही फळीवर दुसऱ्याच्या नावाचं एखादं भांडं असेल. बघायला उठू नका.) आमसुलं पुन्हा बरणीत गेली, तांब्या फळीवर.

मागे वळले तर निशा जागी. कधीपासून बघत होती कोण जाणे.

"आये, तांब्या लय जड हाय काय गो?" तिने विचारलं. "एका बाजूनं मी धरू?"