तिजोरीतली कवळी

मी तिजोऱ्या बनवणाऱ्या कारखान्यात कुलपांचा माणूस आहे. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे जे झालं ते माझ्या अडाणीपणामुळे झालं असा कुणाचा गैरसमज नको. जे झालं ते माझ्या हुशारीमुळे झालं!

आमच्या घरी आम्ही चौघं. मी, बायको, कॉलेजात जाणारी लेक आणि सासूबाई. जेवताना बायको मोबाइलमध्ये, लेक मोबाइलमध्ये, सासूबाई टीव्हीतल्या माणसांशी भांडताहेत आणि मी आपला भिंतीशी बोलतोय! बरं, संध्याकाळपासून प्रत्येकाचा हात कुठल्या ना कुठल्या डब्यात. मग जेवायला भूक कुठून असणार? शेवटी मी जाहीर केलं, "शनिवारपासून सगळ्यांनी एकत्र जेवायचं. पौष्टिक जेवायचं. आणि एकमेकांशी बोलायचं!"

"कशाबद्दल?" लेकीनं घाबरून विचारलं.

शनिवारी मी कारखान्यातून नमुन्याची एक छोटी तिजोरी टेम्पोत घालून घरी आणली. छोटी म्हटली तरी तिघांनी 'अरे बापरे' म्हणत उचलायची. तिला टाइम लॉक होतं. एकदा वेळ लावली की त्याआधी ती कुणालाही उघडत नाही, मालक पाया पडला तरी! मी सगळ्यांचे मोबाइल गोळा केले, टीव्हीचा रिमोट घेतला, वेफर्सची पाकिटं, चॉकलेटं, बिस्किटांचा डबा, सगळं आत कोंबलं. चकती फिरवली, खटका पडला. तासाभराचा तर प्रश्न!

टेबलावर पालकाचं सूप, उकडलेल्या भाज्या, काकड्या, गाजरं, कोबी. सगळं हिरवंगार.

"बाबा, हे जेवण आहे की कुरण?" लेक म्हणाली.

मी दुर्लक्ष केलं. तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरातून तरातरा आल्या. "माझा बिस्किटांचा डबा कुठाय?"

"आई, आजपासून बिस्किटं बंद!" मी ठणकावून सांगितलं.

"बिस्किटं गेली खड्ड्यात! त्या डब्यात माझे दात आहेत!"

इथे थोडं सांगायला हवं. सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, त्यांच्या जुन्या शाळेच्या वर्धापनदिनाला त्या प्रमुख पाहुण्या होत्या. जुनी कवळी तडकली, म्हणून खास या भाषणासाठी नवी करून घेतली होती. ती हिरड्यांना टोचायची, म्हणून फक्त जेवणापुरती लावायच्या.

"पण कवळी बिस्किटांच्या डब्यात?" मी विचारलं.

"मग कुठे ठेवू? पेल्यात ठेवली की तुमची लेक पेला विसळून ठेवते!"

"बरं बरं, तासाभरात उघडेल. तोवर सूप घ्या."

बायको तिजोरीपाशी जाऊन वाकली होती. "अहो," ती म्हणाली, "यावर सोमवार सकाळ का दिसतेय?"

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. नोकरीला लागल्यापासून दर शनिवारी संध्याकाळी मी कारखान्यात बँकांच्या तिजोऱ्या चाचणीसाठी लावत आलोय. शनिवारी लावायची, सोमवारी उघडायची. हे मला डोक्यानं आठवावं लागत नाही, बोटांनाच पाठ आहे. बोटांनी आपलं काम चोख केलं होतं!

"मग उघडा ना! तुमचंच कुलूप आहे!"

"माझं आहे म्हणूनच उघडणार नाही!" मी छाती फुगवून म्हणालो. लगेच लक्षात आलं, ही छाती फुगवायची वेळ नव्हे.

आमचे सगळे मोबाइल आत! मी समोरच्या शिंपीकाकांकडे धावलो आणि त्यांच्या मोबाइलवरून साहेबांना फोन लावला; तेवढा एकच नंबर मला पाठ होता.

"साहेब, आपली तिजोरी काही केल्या उघडत नाहीये!"

"शाब्बास!" साहेब म्हणाले.

"साहेब, आत सासूबाईंचे दात आहेत."

मग साहेब गंभीरपणे म्हणाले, "सोमवारपर्यंत केसालाही धक्का लागणार नाही. कंपनीची हमी!"

दंतवैद्याचा नंबर अर्थातच तिजोरीतल्या मोबाइलमध्ये. धापा टाकत दवाखान्यात गेलो, तर शटर बंद आणि वर पाटी, 'भेटू सोमवारी'. साऱ्या जगाचा सोमवार ठरलेला!

परत आलो तर सासूबाई सुपाला हात न लावता बसलेल्या. "निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा बोलावलं शाळेनं," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटलं होतं, विसरले सगळे." एरवी ही बाई मला फाडून खाते. त्या दिवशी तिनं शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आजी, तुझ्याऐवजी मी बोलते," लेक म्हणाली.

"नाही!" सासूबाईंचं बोट माझ्याकडे वळलं. "ज्यानं कोंडलं, त्यानं बोलायचं! मी कानात सांगेन, यांनी मोठ्यानं म्हणायचं. शब्द न् शब्द!"

झालं! सुरू झाली माझी शाळा. सासूबाईंच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो. त्या घाईत बोलायला लागल्या की निम्मी वाक्यं नुसती वाफ! त्या बोलायच्या, मी अंदाज करायचा, बायको माझा अंदाज खोडायची, लेक हसून खुर्चीवरून पडायची. एकदा तर सासूबाईंनाच इतकं हसू आलं की सूप माझ्या शर्टावर! तिजोरीत मोबाइल केकाटत होते, कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. काकड्या, गाजरं कधी संपली कळलं नाही. बघा, माझी योजना यशस्वी झाली, असं मी म्हणणार होतो. पण बायकोनं नुसतं बघितलं आणि मी गाजर खाल्लं.

रविवारी सभागृह खच्चून भरलेलं. सासूबाई खुर्चीत, मी माइकपुढे वाकून, माझा कान त्यांच्या तोंडाशी. आणि माझ्या घोगऱ्या आवाजात, भरघोस मिशांखालून भाषण सुरू झालं. "मी लग्न होऊन या शाळेत आले, तेव्हा लोक म्हणायचे, काय देखणी बाई आहे!"

सभागृह कोसळलं! शिटी वाजली! सासूबाईंना चेव चढला.

"आज मला बोलता येत नाही, कारण माझ्या जावयानं..." मी अडखळलो. बरगडीत कोपर बसलं. "...माझे दात तिजोरीत कोंडलेत. जावई हुशार आहे असं लेक म्हणाली होती. मी तेव्हाच म्हटलं होतं, आधी तोंडी परीक्षा घेऊ!"

टाळ्या थांबेनात. मग त्या कानात काहीतरी अगदी हळू म्हणाल्या. तेही मी शब्द न् शब्द सांगितलं, "काल जेवताना मी जितकी हसले, तितकी कित्येक वर्षांत हसले नव्हते."

सोमवारी सकाळी तिजोरी मिनिटाचाही उशीर न करता उघडली. कवळी सुखरूप! सासूबाईंनी ती लावली, खणखणीत बोलायला लागल्या आणि मी सुटलो.

म्हणजे तसं मला वाटलं. मंगळवारी सासूबाईंना भाषणाला बोलवायला महिला मंडळाचा फोन आला. "आई, वा! आता तर दातही आहेत," मी आनंदानं म्हणालो.

"दात आहेत हो," त्या म्हणाल्या. "पण त्यांना तुमचाच आवाज हवाय, जावईबापू."

तर, येत्या रविवारी महिला मंडळात माझं भाषण आहे. विषय आहे, 'माझं पहिलं बाळंतपण'.