तीन पदर हवेला, चार पदर धुराला

आमचं बंदी असलेलं पत्रक भरदिवसा, उघड्या अंगणात, हात पुढे करून मागून घेणारा नांदेडात एकच माणूस होता, आणि तो ते वाचत नसे. किशनअण्णा पत्रक चिमटीत चोळायचे, त्याचा कोपरा दाताखाली धरायचे आणि म्हणायचे, "ब्येस हाय. आजून चार द्या." मग त्याच्या नीट घड्या घालून ते इंजनात खुपसायचे.

मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. माझ्या एका परिच्छेदानं निजामाचं तख्त हलणार, अशी माझी खात्री होती. तो परिच्छेद दर जुम्म्याला तेलात बुडताना मी पाहत होतो.

अण्णा नदीकडच्या गल्लीत आमच्या शेजारी राहायचे. कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक लातूरला दिलेली, घरात ते आणि अंगणात मोटार. मोटार म्हणजे एका जहागीरदारानं टाकून दिलेला सांगाडा. महायुद्धामुळे पेट्रोल कुपनावर मिळे, तेही हुद्देदारांनाच. म्हणून अण्णांनी बंद पडलेल्या तेलगिरणीतलं दोन सिलिंडरचं डिझेल इंजन आणून त्यात बसवलं. ते सुरू झालं की बाया दोरीवरची धुणी ओढून आत पळत आणि समोरचे हाफिजसाब दारातून ओरडत, "किशन, ये मोटार है के ईंटों की भट्टी?"

"दोन्ही हाय साब," अण्णा ओरडत. "विटा घालायच्या र्‍हायल्यात."

ही मोटार गल्लीच्या तोंडापलीकडे कधी गेली नव्हती, कारण अण्णांचं टॅपेटचं काम कधी संपत नव्हतं. निजामी राज्यात दर जुम्म्याला, शुक्रवारी, सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे टॅपेट. सिलिंडरच्या डोक्यावर दोन वाल, म्हणजे झडपा, असतात. एकातून हवा आत येते, दुसर्‍यातून धूर बाहेर जातो. वरून लोखंडी बोटं त्यांना दाबून उघडतात. त्या बोटाच्या आणि वालाच्या मध्ये केसभर फट ठेवायची, हेच टॅपेटचं काम. इंजन तापलं की लोखंड वाढतं; फट नसली तर वाल पुरता मिटत नाही, आणि त्या अर्धवट उघड्या दारातून आग जाऊन त्याची कड जळते. फट जास्त झाली तर नुसता खडखडाट. हे सगळं मला पाठ आहे. मी एका मुक्त देशाची स्वप्नं पाहत होतो आणि मला टॅपेट पाठ झालं होतं.

फट मोजायची पोलादी पट्टी मुंबईहून यायची, ती लढाईत यायची बंद झाली. अण्णांनी पुठ्ठा, पत्रा, विड्याचं पान, सगळं करून पाहिलं. मग एके दिवशी माझ्या खिशातून पत्रक पडलं. आमचा कागद एका वकिलाच्या जुन्या कचेरीतला होता, जाड आणि कडक. तीन पदर हवेच्या वालाला, चार पदर धुराच्या. घडी फटीत सरकली पाहिजे, पण जरा अडून.

"तुमचा परचा लई इमानदार," ते म्हणाले. माझ्या लिखाणाला मिळालेली ती पहिली दाद.

मी त्यांना कमी बोललो नाही. "अण्णा, माणसं तुरुंगात सडून राहिली, आणि तुम्ही हँडल फिरवून राहिलात!"

"हाव. पन इंजन गरम हाय. आदी गार होऊ द्या."

हे त्यांचं सगळ्याला उत्तर. हाफिजसाबांच्या घरात भांडण झालं, गार होऊ द्या. शिक्षक संपावर जायचं म्हणू लागले, गार होऊ द्या. या मुलखाचं वाटोळं का झालं, तर इथं प्रत्येक जण काही तरी गार व्हायची वाट बघत बसलाय, असं मी एका पत्रकात लिहिलं. तेही त्यांनी चार पदरी केलं.

मग लातूरहून निरोप आला. गोदीला सातवा महिना लागला होता.

गोदी म्हणजे अण्णांची लेक. तिच्या लग्नात भर मांडवात अण्णा बोलून बसले होते, "पयलं बाळंतपण नांदेडला. आन तिला नेईन तर माज्या मोटारीत." तेव्हा मोटार म्हणजे चार चाकं आणि गंज होती. व्याह्यांनी, लातूरचे अडते ते, तो शब्द गाठीला बांधून ठेवला. आता त्यांनी कळवलं, "शब्द तुमचाच हाय. मोटार दारात आणा, लेक घेऊन जावा. पन आठवा लागायच्या आत. आठव्यात सून शीव ओलांडत न्हाई."

"प्रवासी सर्विस गाडीनं आणा," मी म्हणालो. "मोटारीचं काय घेऊन बसलात?"

"मी न्हाई घेऊन बसलो. याही घेऊन बसलेत."

दोन जुम्मे गेले. अण्णा फट बसवत, इंजन चालवत, कान लावत, मान हलवत आणि पुन्हा खोलत. आठवा लागायला पाच दिवस उरले आणि माझा तोल गेला. त्यात माझा स्वार्थही होता. लातूरला पत्रकांचा गठ्ठा पोचवायचा होता आणि तो सीटखाली घालायचा बेत मी अण्णांना सांगून ठेवला होता. मी अंगणात उभा राहून भाषणच ठोकलं. तुमच्यासारख्यांमुळे हे राज्य टिकलंय, तुम्हाला लेकीपेक्षा लोखंड प्यारं आहे, भेकड आहात, निघायचीच भीती वाटते तुम्हाला. बोलता बोलता गठ्ठ्यातलं नवं पत्रक काढून त्यांच्या हातात आदळलं.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी त्यांनी कागद चोळला नाही, दाताखाली धरला नाही. घड्या घातल्या, तीन आणि चार, फट बसवली, नट आवळला आणि म्हणाले, "चला."

लोह्यापर्यंत आम्ही राजे होतो. पोरं मागं धावत होती. अण्णा गोदीच्या लहानपणाचं सांगत होते. पुढे चढ लागला, इंजनाचा आवाज बसत गेला, धूर पांढरा झाला आणि अहमदपूरच्या अलीकडे मोटार उभी राहिली. पुन्हा सुरू होईना.

अण्णांनी इंजन गार होईपर्यंत वाट पाहिली आणि झाकण काढलं. मग घडीचा कागद उलगडून चिमटीत धरला.

"कागद बदलला का?"

"हो," मी अभिमानानं म्हणालो. "सोलापूरहून आलाय. पातळ आहे, गठ्ठा लहान होतो."

"चांगलं केलं," ते म्हणाले. त्यांनी खिशातून एक जुनं पत्रक काढलं आणि दोन्ही घड्या शेजारी धरल्या. जुन्याच्या चार पदरांना नव्याचे सहा लागत होते; फट कमी पडली होती. मग त्यांनी सिलिंडरचं डोकं उतरवलं. धुराच्या वालाची कड उंदरानं कुरतडल्यासारखी जळाली होती.

मला पळून जावंसं वाटलं. मी गेलो नाही, पण त्याचं मला श्रेय नको. रस्त्याला दुसरं वाहन नव्हतं.

शेवटी एका शेतकर्‍याची बैलजोडी मिळाली. मोटारीला दोर बांधला आणि तिसर्‍या दिवशी आम्ही लातूरला व्याह्यांच्या दारात पोचलो. पुढे बैल, मागे मोटार, स्टेअरिंगवर अण्णा ताठ बसलेले. ओट्यावर व्याही होते आणि त्यांच्याबरोबर चहा पीत पोलिसांचा अमीन, म्हणजे फौजदार; तो आधी नांदेडला होता.

"या याही!" व्याही हसून लोळायचे बाकी राहिले. "इंजन ब्येस काढलंत. चारा काय खातंय?"

अमीननं बशी खाली ठेवली. "क्या हुआ किशन? इतना बडा कारीगर, और मोटार बंद?"

मी अण्णांच्या मागे उभा होतो. सीटखाली गठ्ठा होता. खरं कारण सांगायचं म्हणजे कागदाचं सांगायचं, आणि कागद म्हटलं की अमीन म्हणणार, कोणता कागद, दाखव. अख्ख्या मराठवाड्याला तोंड उघडा म्हणून सांगणारा मी, माझं तोंड उघडेना.

"हात चुकला साब," अण्णा म्हणाले. "म्हातारपन. फट कमी पडली माज्या हातानं."

अठ्ठावीस वर्षांत जिनिंगमध्ये त्यांनी हे वाक्य उच्चारलं नव्हतं. मालकासमोरही नाही.

"मंग अशा हाताच्या मोटारीत सून कशी देऊ?" व्याही म्हणाले. ते आता हसत नव्हते. "आन बैलामागं पाठवायची बोली नव्हती. हितंच होऊ द्या बाळंतपण."

गोदी तांब्या घेऊन बाहेर आली. पदर नीट, मान खाली, पोट दिसत होतं. तिनं बापाच्या तेलकट हातांवर पाणी घातलं. तेल निघेना, तरी ती घालत राहिली. हळूच म्हणाली, "बाबा, मी बैलगाडीत पन आले असते."

"ठाव हाय," अण्णा म्हणाले.

गठ्ठा पोचला. लातूरच्या आमच्या लोकांनी माझी पाठ थोपटली. मोटार त्याच बैलजोडीमागे नांदेडला धाडून आम्ही सर्विस गाडीनं परतलो. नांदेड आल्यावर मी म्हणालो, "अण्णा, दोष माझा होता."

"दोष कागदाचा न्हाई न् तुमचा न्हाई. मी चोळून बघितला न्हाई. तुमी भेकड म्हनलाव ना, त्येच डोक्यात हुतं."

दहा-बारा दिवसांनी त्यांनी मला घरी बोलावलं. त्यांना लिहिता येत नव्हतं, हे मला इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कळलं. वाचताही येत नव्हतं.

"गोदीला कागद लिहा," ते म्हणाले. "लिहा, जिवाला जप. लिहा, जड उचलू नको. लिहा, मोटार दुरुस्त झाली. बाळ हुईल, सव्वा महिना हुईल, मंग दोगांना न्यायला येतो."

जळालेला वाल त्यांच्या मांडीवर होता. असला दुसरा आख्ख्या निजामी मुलखात मिळत नाही, हे आदल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं होतं.

मी लिहिलं, मोटार दुरुस्त झाली.