सगळ्यांना पोहे

साजगावच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये कपिल सकाळपासून सुतकी चेहऱ्याने ऑर्डर घेणाऱ्या पडद्याकडे बघत बसला होता. पडदा त्याने लिहिलेल्या प्रोग्रामवर चालत होता, आणि आजचा दिवस नीट गेला तर खोपोलीच्या ऑफिसात तो कायम होणार होता. आई पारूबाईने तर शेजारीपाजारी सांगूनही टाकलं होतं. आयांना कुठे धीर असतो!

काम तसं सोपं. कामगाराने पडद्यावर पदार्थ दाबायचा, चिठ्ठी निघायची, सोनुबाईने चिठ्ठीवरचंच वाढायचं. दुसरं काही वाढलं तर तिचा खाडा. हा नियम कपिलनेच सुचवला होता, वाढण्यात वशिला नको म्हणून. घ्या आता!

कॉम्प्युटरच्या जावा भाषेत ठरलेल्या नावांच्या गटाला ‘इनम’ म्हणतात. कपिलने तीन केले होते: नाश्ता, जेवण, चहापान. नाव आलं की प्रोग्रामने एकेकाला विचारायचं, हे तुझ्यात आहे का? गोम अशी, की जावातल्या इनमला साधं ‘नाही’ म्हणता येत नाही. नाव सापडलं नाही की तो बोंब ठोकतो आणि प्रोग्राम तिथेच आडवा होतो. पुढच्या गटाच्या दाराशी जातोय कोण! सकाळी सगळे नाश्ताच दाबत होते, म्हणून निभावलं. दुपारी भट्टीवरच्या धाऊने अंडाकरी दाबली आणि पडदा काळाठिक्कर पडला.

लगेच ऑफिसातून कपिलच्या वरच्या रूपेशसाहेबांचा फोन.

“कपिल, मी कारखान्याच्या मालकांना घेऊन येतोय. पडदा बंद दिसता कामा नये!”

“सर, जरा वेळ...”

“वेळ कुठाय? काहीतरी जुगाड कर!”

कपिलने घाम पुसला आणि जुगाड केला. नाव सापडलं नाही तर बोंबलू नकोस, गुमान नाश्त्यातलं पहिलं नाव दे. पडदा उजळला. पहिलं नाव कोणतं, हे बघायला त्याला सुचलंच नाही.

पहिलं नाव होतं पोहे.

“मी अंडाकरी दाबली व्हती,” धाऊ चिठ्ठी उलटीसुलटी करत म्हणाला.

“चिठ्ठीत पोहे हायत,” सोनुबाई म्हणाली.

“करी तर समोर दिसतेय की गं!”

“दिसू दे. माझा खाडा तू भरनार हायस का?”

मागून लडकूने दहीभात दाबला. पोहे. त्याच्या मागच्याने भाकरी-पिठलं दाबलं. पोहे. सोनुबाईने आत रांधणाऱ्या दोघींना पोह्यांचं नवं पोतं फोडून दिलं. करीचं भरलं पातेलं तसंच गार होत राहिलं आणि आगीपुढून आलेली माणसं मुकाट्याने पोहे गिळत राहिली. कपिलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोपऱ्यात बसून त्याने भराभर दुरुस्ती केली: एका इनमने बोंब मारली तर ती तिथेच दाबायची, दुसऱ्याला विचारायचं, मग तिसऱ्याला. एवढंच तर होतं!

तेवढ्यात मालक आले, मागे रूपेशसाहेब.

“सगळ्यांना पोहेच?” मालकांनी विचारलं.

“चूक माझी आहे सर. आता नीट केलंय, बघा ना...”

“थांब रे. रांग कुठाय?”

रांग नव्हती. काहीही दाबा, मिळणार पोहेच, हे कळल्यावर रेंगाळतंय कोण? माणसं खाऊन कामावर परतलीसुद्धा होती. मालकांचा चेहरा खुलला.

“रूपेश, हे बेस्ट आहे! उद्यापासून एकच पदार्थ.”

“ग्रेट, सर!” म्हणून गेल्यावर रूपेशसाहेब चपापले. “पण मग पडदा?”

“एका पदार्थाला पडदा कशाला? काढून न्या.”

“तुझं कायमचं नंतर बघू,” असं कपिलच्या कानाशी पुटपुटून रूपेशसाहेब मालकांमागे धावले. नंतर म्हणजे कधी, हे विचारायची गरज नव्हती.

पडदा काढण्याआधी कपिलने स्वतःच एकदा दहीभात दाबला. चिठ्ठी निघाली: दहीभात. नाव दोन दारं हिंडून बिनबोभाट आपल्या घरी पोचलं होतं. त्याने ती सोनुबाईपुढे धरली.

“बरोबर निघाली की रं!” ती म्हणाली. “पन भात मालकांच्या मानसांनी उचलून नेला.”

तिने ताटलीत उरलेसुरले पोहे घातले आणि त्याच्यापुढे सरकवले.

“नको मावशी. घशाखाली उतरायचं नाही.”

“खा रं. एका कढईला तीन बाया कशाला, म्हनालं मालक. उद्यापासनं मी बी नाय.”