भलत्या कव्हरातली गाणी

आमच्या कॉलनीत दाराची बेल वाजली आणि समोर टॉवेलात गुंडाळलेलं तान्हं मूल छातीशी धरून कोणी उभा दिसला, तर दचकू नये. ते मूल नसतं, टेपरेकॉर्डर असतो. आणि तो माणूस म्हणजे पगारेअण्णा. दचकायचं ते आता, कारण अण्णा आत येणार, टीव्हीची पिन उपटून तिथे टेपची लावणार, सोफ्यावर मांडी घालणार आणि म्हणणार, "भामरेसाहेब, तुमच्यासाठी एक अल्बम काढलाय. पूर्ण बाजू ऐकायची. मध्ये उठायचं नाही."

पूर्ण बाजू म्हणजे कॅसेटची अख्खी एक बाजू. सुटंसुटं गाणं ऐकणाऱ्या माणसाला अण्णा माणसात धरत नाहीत. "त्या गायकानं वरणभातापासून मठ्ठ्यापर्यंत सगळं ओळीनं वाढलंय," ते म्हणतात, "आणि तुम्ही मोबाइलवाले मधलाच पापड उचलून चालू पडता."

अण्णांची सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात टर्बाइनजवळ झाली. त्या घरघरीत शेजारच्याला वेळ विचारायची तरी ओरडून विचारावी लागते. त्यामुळे अण्णा आमच्या जिन्यात कुजबुजले की नाशिकरोड स्टेशनवर गाडीची घोषणा झाली असं समजून लोक बॅगा उचलतात. टेपचा आवाजही त्याच मापाचा. एकदा त्यांनी आमच्या गॅलरीत ढोलकी लावली, तर तिकडे पिंपळगाव बसवंतच्या कोल्ड स्टोरेजमधल्या द्राक्षांचे मणी पेटीतल्या पेटीत टपाटप गळाले, असं मी ऐकलंय. म्हणजे सांगितलं मीच होतं, पण नंतर ते मला इतक्या लोकांनी परत येऊन सांगितलं की आता माझाही विश्वास बसलाय.

अण्णा अल्बम सुचवतात तेही नोकरीच्याच भाषेत. "गझल एकदम अंगावर घ्यायची नाही. लोड हळूहळू वाढवायचा. नाहीतर माणूस ट्रिप होतो." ट्रिप होणं म्हणजे चालतं मशीन भार न सोसून बंद पडणं. माणूस जिना कसा चढतो यावरून त्याला किती लोडचं संगीत झेपेल ते अण्णा ठरवतात.

माझं प्रमोशन हुकलं तेव्हा मी जिना चढत नव्हतो, स्वतःला ओढत होतो. अण्णांनी ते पाहिलं आणि अर्ध्या तासात टॉवेल घेऊन हजर. माझ्या हातात त्यांनी कव्हर दिलं. कॅसेट मात्र ते कधी कोणाच्या हातात देत नसत, स्वतःच टेपमध्ये सरकवत. कव्हरावर शाल पांघरलेला, हनुवटीखाली मूठ टेकवलेला एक उदास इसम होता. "दुःखात गझल घ्यावी," अण्णा म्हणाले, "आतून धुऊन निघतो माणूस." त्यांनी बटण दाबलं आणि दहा-बारा गडी एकदम टाळ्या पिटत, बेंबीच्या देठापासून आळवायला लागले. पेटी, ढोलक, टाळ्या. आमच्या शोकेसमधल्या काचेच्या बाहुल्या जागच्या जागी गिरक्या घेऊ लागल्या.

मी कव्हराकडे पाहिलं. शालवाला तसाच उदास. मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा डोळे मिटून मान हलवत होते.

"उतरतेय ना?" त्यांनी विचारलं.

"उतरतेय," मी म्हणालो. काय उतरतंय ते मला कळत नव्हतं, पण नाही कसं म्हणणार?

पुढे ऑफिसच्या कार्यक्रमात साहेब म्हणाले, "भामरे, एखादी गझल होऊ द्या." मी खुर्चीवर गुडघे टेकले, टाळी दिली आणि आळवली. दोघा शिपायांनी कोरस धरला. साहेबांनी पाणी मागवलं. माझं पुढचंही प्रमोशन हुकलं.

ही गत एकट्या माझी असती तर मी गप्प बसलो असतो. वरच्या मजल्यावरच्या चंद्रात्रेआजींना अण्णांनी नाट्यसंगीत सुचवलं. कव्हरावर फेटेवाले नट. आतून निघाले परदेशातले कोणी, जे बहुधा एकमेकांच्या डोक्यात गिटारी घालत होते. आजींनी पदर सावरून पूर्ण बाजू ऐकली. नंतर मला म्हणाल्या, "नाटक काही ओळखलं नाही बाई मी. पण काय दमसास. बिचाऱ्याचा घसा तेवढा बसलाय." तळमजल्यावरचे जाधव, कांद्याचे टेम्पो चालवतात, त्यांना अण्णांनी जॅझ म्हणून जे ऐकवलं ती निघाली सटाण्याकडची अहिराणी लग्नगीतं. जाधव खूश. पोरीच्या लग्नात त्यांनी बँडवाल्याला बजावलं, "जॅझच पाहिजे, दुसरं काय वाजवायचं नाय." बँडवाल्या पोरांनी मोबाइलवर पाहून पाहून खरा जॅझ बसवला. वरात निम्म्या रस्त्यात थांबली. नाचायला आलेले पाव्हणे पाय उचलायचे आणि कुठे ठेवायचा ते न कळून तसेच उभे राहायचे. घोडासुद्धा गोंधळून एका पायावर उभा होता. हे मी स्वतः पाहिलंय, निदान पाव्हण्यांचं तरी.

तर अशी आमच्या कॉलनीची संगीताची समज. मी लावणी म्हणून बासरी ऐकली आणि त्या संथ बासरीवर फडात नाचणारी बाई डोळ्यांपुढे आणायचा फार प्रयत्न केला. भीमगीतं म्हणून सतार ऐकली. आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटून मी रात्रंदिवस गोंधळलेला असे.

शेवटी जिन्यात उभ्याउभ्या कॉलनीची बैठक झाली आणि निदान ठरलं. टर्बाइननं अण्णांचे कान नेलेत. त्यांना ढोलकी काय आणि सतार काय, सगळं सारखंच. पण हे त्यांना सांगायचं कोणी? पगारेकाकूंना जाऊन वर्ष व्हायचं होतं, आणि अण्णांचा हा टेपचा फेरा सुरू झाला तोच काकू गेल्यावर. जाधव म्हणाले, "जाऊ द्या हो. म्हाताऱ्याला तेवढाच विरंगुळा. आपण मान डोलवायची." तेव्हापासून आम्ही मान डोलवत होतो. कशावर का असेना.

मग फेब्रुवारीत अण्णांची मुलगी सुजाता आली. ती मनमाडला रेल्वेत आहे. गाड्या उशिरा धावल्या तरी सुजाताच्या घरचा कुकर वेळेवर शिट्टी देतो, असं तिचं शिस्तीचं काम. अण्णा पेन्शनच्या कामाला बँकेत गेले होते. तेवढ्या वेळात तिनं कॅसेटींचं कपाट जमिनीवर ओतलं, एकेका कॅसेटवरचं नाव वाचलं आणि प्रत्येक कॅसेट तिच्या तिच्या कव्हरात घातली. वरच्या खणात शास्त्रीय, मग गझल, मग कव्वाली, भीमगीतं, लोकगीतं, खाली इंग्रजी. आम्हाला बोलावून दाखवलं.

"दरवर्षी पप्पाच लावायचे, काका. आता होत नसेल त्यांच्यानं. सरप्राइज आहे."

आम्ही कौतुक केलं. मनातल्या मनात सुटकेचा श्वासही सोडला. अण्णा आले. कपाट उघडलं. बराच वेळ ते कपाटासमोर उभे राहिले.

"छान केलंस, बाळा," ते म्हणाले. एवढ्या हळू की मला ओठांवरून ओळखावं लागलं.

सुजाता मनमाडला परत गेली आणि अण्णांनी येणंच बंद केलं. पहिले काही दिवस कॉलनी आनंदात होती. टीव्हीच्या पिना जागच्या जागी. मग हळूहळू करमेना. चंद्रात्रेआजी मला जिन्यात अडवून म्हणाल्या, "भामरे, तो आमचा घसा बसलेला नट बरा आहे ना?" जाधवांनी तर कांद्याची गोणी पोचवायच्या निमित्तानं अण्णांचं दार वाजवलं. अण्णांनी कांदे घेतले आणि दार लावलं.

एका संध्याकाळी मी गेलो. टेप टॉवेलात गुंडाळून खुर्चीवर ठेवलेला होता. मी म्हणालो, "अण्णा, एखादा अल्बम सुचवा की." असं मागून घ्यायची माझी पहिलीच वेळ.

त्यांनी कपाटातून शालवाला काढून माझ्यापुढे टाकला. "घ्या. गझल आहे. आतही गझलच आहे."

"मग चांगलंच झालं की."

"काय चांगलं झालं? बाहेर लिहिलंय तेच आत निघणार. मग उघडायचं कशाला?"

मला काही उमगेना. "म्हणजे अण्णा, आधी आत भलतंच असायचं, हे तुम्हाला माहीत होतं?"

"मला काय बहिरा समजलात?"

समजलोच होतो. बैठकीत ठरवून समजलो होतो.

अण्णा खुर्चीवरचा टेप मांडीवर घेऊन बसले. "भीमजयंतीच्या आधी घराला रंग लागायचा आमच्याकडे. दरवर्षी. तेव्हा सुजाताची आई सगळ्या कॅसेटी बाहेर काढायची. कव्हरं साबणाच्या पाण्यातून काढायची, गच्चीवर वाळवायची. आणि परत भरताना बाईचं तोंड चालू. इकडे चंद्रात्रेबाई, तिकडे खालचा भाजीवाला. हाताला लागेल ती कॅसेट, हाताला लागेल त्या कव्हरात. मी बोंबलायचो. ती म्हणायची, तुम्हाला गाणं ऐकायचंय का कव्हर वाचायचंय? मग मी आठ-आठ दिवस बसून सगळं लावायचो."

"आणि गेल्या वर्षी?"

"तिनं भरलं, आणि पुढल्याच आठवड्यात दवाखाना. लावायचं राहिलं." त्यांनी टॉवेलाची घडी सारखी केली. "तिच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे गेले. घर खायला उठलं म्हणून म्हटलं सनई ऐकू. सनईच्या कव्हरात लावणी निघाली. फक्कड. मला हसूच आवरेना, भामरे. म्हटलं, गेली ती गेली आणि कपाटभर खोड्या करून गेली. एकेक उघडायची ठरवली. पण दुसरी उघडली तेव्हा हसायला शेजारी कोणी नव्हतं. एकट्यानं उघडवेना पुढं. म्हणून तुमच्या दारात यायला लागलो."

"आम्हाला सांगायचं तरी."

"सांगून हसवायचं? मी बघायचो, एक तरी हसतो का. तर तुम्ही सगळे मान डोलवताय. गझलेत कव्वाली वाजतेय आणि भामरेसाहेब मान डोलवतायत. मला वाटलं, या लोकांना संगीतातलं काही म्हणजे काही कळत नाही. म्हणून अजून वेगळं, अजून वेगळं सुचवत गेलो."

आम्ही त्यांना बहिरे धरून चाललो होतो आणि ते आम्हाला. मला हसावं की काय करावं ते कळेना.

"निम्म्या अजून उघडायच्या राहिल्या होत्या," ते म्हणाले. "त्यात तिनं काय कुठं ठेवलं होतं, ते गेलं आता. पोरीला यातलं बोलू नका. तिनं मायेनं केलंय."

मी शब्द दिला आणि पाळला. फक्त घरी आमच्या हिला सांगितलं. हिनं फक्त आजींना. पुढची बातमी पॅसेंजरनं गेली की मेलनं ते ठाऊक नाही, पण रविवारी सकाळी सुजाता मनमाडहून दारात हजर. डोळे सुजलेले. कपाट उघडलं, सगळ्या कॅसेटी दोन टोपल्यांत घालून गच्चीवर नेल्या, बादलीत साबण कालवला आणि कव्हरं धुवायला बसली. जयंती तोंडावर आली होती, ऊन सणसणीत होतं.

कव्हरं वाळली तोवर अर्धी कॉलनी गच्चीवर जमली होती. सुजाता भरायला बसली तसे जाधव पुढे झाले. "ताई, ते जॅझचं कव्हर माझं हाय. त्यात आमची सटाण्याची गाणी घाला." आजी म्हणाल्या, "माझ्या फेटेवाल्यांत तो बसलेल्या घशाचा घाल गं." मी शालवाल्याच्या पोटात माझी कव्वाली सारली. लावणीत बासरी, भीमगीतांत सतार. ज्याला जे ऐकून घेरी आली होती ते तो विसरला नव्हता. काकूंनी जे जिथे ठेवलं होतं, त्यातलं आमच्या कानावर आलेलं सगळं परत जागेवर गेलं.

राहिल्या त्या न उघडलेल्या. त्यांचं कोणालाच ठाऊक नव्हतं. सुजाता त्यांच्याकडे बघत बसली. मग तिनं पदर खोचला आणि आमच्या हिला विचारलं, "काकू, तुम्ही लसणाच्या चटणीत खोबरं भाजून घालता का तसंच?" ही सांगू लागली. सुजाता ऐकू लागली, मध्येच खाली वाकून भाजीवाल्याला थांबवू लागली, आणि तिचे हात न बघता भरू लागले. शिस्तीची सुजाता.

जिन्याच्या दारात अण्णा कधी येऊन उभे राहिले ते कळलं नाही.

"अगं, बघून भर जरा," ते ओरडले. नाशिकरोड स्टेशनवर बॅगा उचलल्या गेल्या असतील.

सुजातानं मान वर केली नाही. "पप्पा, तुम्हाला गाणं ऐकायचंय का कव्हर वाचायचंय?"

अण्णा दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझी बेल वाजली. टॉवेल, टेप, टीव्हीची पिन. कव्हरावर तानपुरा आणि पहाटेचे राग. "पूर्ण बाजू ऐकायची," अण्णा म्हणाले आणि डोळे मिटून बसले. बटण दाबलं गेलं आणि पहाटेच्या रागांतून कोळ्यांची अख्खी होडी वल्ही मारत, हैया करत आमच्या दिवाणखान्यात घुसली.

या वेळी मी मान डोलवली नाही. मी हसलो. हसता हसता सोफ्यावरून घसरलो.

अण्णांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मग पुढे वाकून, आजवर कधी कमी केला नव्हता तो टेपचा आवाज त्यांनी कमी केला आणि माझं हसणं ऐकत बसले.