कोंबड्याची पाटी

महिपतीने दुकानावर निळी इंग्रजी पाटी चढवली, तेव्हा ती त्याला स्वतःला वाचता येत नव्हती. पण न कळणाऱ्या गोष्टीवर माणसाचा विश्वास अंमळ जास्तच बसतो.

लोणावळ्याच्या बाजारात तोवर पाट्या मराठी असत आणि प्रत्येकीवर एक चित्र असे. काय सुरेख दिवस होते ते! रंगारी चुकला, तरी गिऱ्हाईक चुकत नसे. पुढे बंगल्यांवर साहेब लोक वाढले, तशा पाट्या इंग्रजी झाल्या. मग दोर-कंदील विकणाऱ्या महिपतीनेच का मागे राहावं? त्याच्या जुन्या पाटीवर रंगाऱ्याने काढलेला कंदील हुबेहूब कोंबड्यासारखा दिसे. ती पाटी समोरच्या गफूर कल्हईवाल्याने भट्टीवर सावलीला मागून नेली.

पावसाआधीचा शेवटचा बाजार उजाडला. एकदा ओढे भरले की आंदर मावळातली माणसं चार महिने खाली उतरत नसत. म्हणजे वर्षाचा धंदा आजच.

माणसं आली. माना वर करून निळ्या पाटीखालून पुढे गेली आणि गफूरच्या भट्टीशी बोचकी टेकून बसली.

"सरूमावशी, दुकान इकडं!" महिपती ओरडला.

"नगं बाबा, त्ये सायबाचं. आमी कोंबड्याखालीच घेतो."

"अगं, मी महिपती!"

"व्हय, वळखलं की. सायबाकडं चाकरीला कवा लागलास?"

गफूर हात जोडून सांगत होता, "मावशी, मी भांड्यांना कल्हई करतो. दोर समोर मिळतो."

"कोंबडा हितं, मग दोर बी हितंच असंल. बघ की आत नीट!"

दुपार कलली. निळ्या पाटीखाली माशीसुद्धा बसेना. शेवटी महिपतीने दोरांची भेंडोळी खांद्यावर टाकली, दोन्ही हातांत कंदील घेतले.

"अहो, दुकान सोडून कुठं निघालात?" त्याच्या बायकोने, मुक्ताबाईने, आतून विचारलं.

"दुकानात!"

गफूरने हसू दाबत पोतं अंथरलं. "बसा शेठ. पाटी तुमची, सावली माझी."

माल हातोहात खपू लागला. तेवढ्यात तुंगार्लीच्या बंगल्यावरचा खानसामा कोंडाजी आला. साहेबाघरचं गिऱ्हाईक बघून महिपती जागचा उठलाच.

"चार कंदील द्या. सायबानं मागवल्यात."

"साहेब स्वतः येत नाहीत बाजाराला?"

"सायब कशाला येतोय? मलाच धाडतो."

"मग तू तरी ती इंग्रजी पाटी वाचून तिकडं जायचंस!"

"मला मराठी कुटं वाचता येतंय, भाऊ? कोंबडा दिसला, आलो." कोंडाजीने कंदील उचलले आणि समोर बोट दाखवलं. "लय झकपक हाय की. कुना सायबानं काडलंय दुकान?"

महिपतीने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"असंल कुणाचं तरी," तो म्हणाला. "तू नको जाऊस तिकडं. लुबाडतात."