तात्यारावांचा बरीटो आणि पानाची डावी बाजू

एका जंगलात, बाळांनो, तात्याराव नावाचं एक अस्वल होतं. मधाची पोळी तपासण्याच्या नोकरीतून ते नुकतंच निवृत्त झालं होतं. निवृत्त अस्वलाला दोनच उद्योग सुचतात. एक तर ते येणाऱ्याजाणाऱ्याला सल्ले देतं, नाहीतर स्वयंपाकघरात शिरतं. सल्ले ऐकायला कुणी थांबेना, म्हणून तात्याराव स्वयंपाकघरात शिरले.

तिथे त्यांची बायको मुक्ताबाई होती. ती साधीसुधी बाई नव्हती. दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी वनदेवीचा भंडारा व्हायचा, त्याची चूल तिच्याकडे असे. तोवर रानात गवताची काडी उरलेली नसे. म्हातारं सांबर, लंगडा कोल्हा, पिल्लांनी बेजार झालेली रानडुकरीण, सगळे त्या एका जेवणाकडे डोळे लावून बसत. मुक्ताबाई कढईभर पिठलं करी आणि नाचणीच्या भाकऱ्या थापी. भंडारा संपेपर्यंत शिकारीला बंदी असे, ती वाघोबासुद्धा पाळत. ते पिठल्याचं पान पुसून खात आणि ठेचा मागून घेत. पानात काही टाकायचं नाही, हा देवीचा नियम होता, पण तो कधी कुणाला सांगावा लागला नव्हता.

एकदा थंडीत परदेशातून चक्रवाक पक्षी आला. त्याने तात्यारावांना बरीटोची गोष्ट सांगितली. भली मोठी पोळी घ्यायची, तिच्यात भात, राजमा, भाजी, चटणी असं सगळं भरायचं आणि तान्ह्या बाळाला दुपट्यात गुंडाळतात तसं गुंडाळायचं.

तात्याराव थक्क झाले. खरं तर मुक्ताबाई पिल्लांना रोज सकाळी पोळीत भाजी गुंडाळून देत होती. पण ती पडली घरची गुंडाळी. घरच्या गुंडाळीला बघून कोण थक्क होणार?

दुसऱ्या दिवसापासून तात्यारावांचे प्रयोग सुरू झाले. आधी त्यांनी राजम्यात गुलकंद घातला. मग साबुदाणा आणि फणसाच्या आठळ्या भरून पाहिल्या. वरून काहीतरी पांढरं आणि आंबट घालतात असं चक्रवाक म्हणाला होता, म्हणून तात्यारावांनी कारल्याच्या भाजीवर श्रीखंड ओतलं. बाजूला तोंडी लावायला कच्च्या पपईचा लगदा केला आणि काकवीत बुडवलेले कांदे ठेवले. घरातलं एकही भांडं त्यांनी कोरडं सोडलं नाही. ती घासणं मात्र प्रयोगात बसत नव्हतं. ते काम मुक्ताबाईकडे गेलं.

मग चाखायला पाहुणे आले. आता त्या जंगलाची एक रीत होती. ज्याच्या घरी खाल्लं, त्याला ‘छान झालंय’ म्हणायचं. माकड ‘छान झालंय’ म्हणालं आणि नदीवर जाऊन खळखळून चुळा भरून आलं. तरस हाडंसुद्धा चावून खातं. त्याने बरीटोबरोबर आलेलं पान खाल्लं, बरीटो ठेवला आणि तेही ‘छान झालंय’ म्हणालं. वाघोबांनी तर एका घासातच ‘फारच छान’ म्हणून निरोप घेतला. मुक्ताबाईने तेवढं सांगितलं, की हे जनावराच्या पोटात राहायचं नाही. तिला यातलं काय कळतं, असं तात्याराव म्हणाले.

मग ते ऐटीत वाघोबांकडे गेले आणि यंदाच्या भंडाऱ्याची चूल मला द्या म्हणाले. वाघोबा पेचात पडले. एकदा छान म्हणून बसले होते, आता शब्द कसा फिरवणार? राजाला जंगल गिळता येतं, बाळांनो, पण स्वतःचा शब्द गिळता येत नाही. चूल तात्यारावांकडे गेली.

मुक्ताबाईने कुणाला न विचारता एका कोपऱ्यात तीन दगड मांडले आणि पिठलं टाकलं. तात्याराव आधी चिडले. मग त्यांनी मोठ्या मनाने परवानगी दिली. पिठलं पानात डावीकडे वाढायचं, चटणीच्या शेजारी. बरीटोचं तोंडी लावणं म्हणून.

पंगत बसली. सगळ्यांनी डावी बाजू चाटूनपुसून खाल्ली आणि पुन्हा मागितली. बरीटो कुठे गेले ते देवीला ठाऊक. कुणी पानाखाली सारले, कुणी मातीत पुरले. पण पानं स्वच्छ होती आणि पोटंही भरली होती, त्यामुळे तात्यारावांना शाल आणि नारळ मिळाला. वाघोबांनी नावीन्याची ओढ या विषयावर भाषण केलं. मुक्ताबाई तेव्हा ओढ्यावर कढई घासत होती.

घरी येऊन तात्याराव कौतुकाने म्हणाले, की लोकांनी तुझं तोंडी लावणंसुद्धा गोड मानून घेतलं हो.

मुक्ताबाईने शालीची घडी घातली. पुढच्या वर्षी आपण काही करणार नाही, पंगतीत बसणार, एवढंच ती म्हणाली. तात्यारावांना वाटलं, अखेर हिलाही बरीटोची गोडी लागली.

पुढचा उन्हाळा फार कडक गेला. भंडाऱ्याला जनावरं आली ती बरगड्या मोजाव्यात अशी. म्हातारं सांबर तर धापा टाकत आलं. पानावर बरीटो आले. डावीकडे आमरसात भिजवलेली अळूवडी आली. सगळे ‘छान झालंय’ म्हणाले आणि पिठल्याची वाट बघत बसले. पिठलं येईना. मुक्ताबाई तर पंगतीत बसलेली. पण बोलेल कोण? भूक लागली तर मरण येतं, पण खरं बोललं तर वाईटपणा येतो.

शेवटी मुक्ताबाई उठली. तिने आपल्या पानातला बरीटो उचलला आणि तात्यारावांपुढे धरला. वाढणाऱ्याने बायकोच्या हातचा मानाचा घास घ्यायचा, अशी भंडाऱ्यातली रीतच होती.

आता तुम्हाला एक गंमत सांगतो. तात्यारावांनी स्वतःचा बरीटो आजवर कधी खाल्लाच नव्हता. रांधताना वासानेच पोट भरतं म्हणायचे आणि मागच्या दाराशी बसून पिठलं-भाकरी ओरपायचे. आज मात्र सुटका नव्हती. त्यांनी आ केला. दाताखाली आधी श्रीखंड आलं, मग कारलं, मग आठळी. त्यांचं सारं अंग शहारलं.

मुक्ताबाई हळूच म्हणाली, “अहो, खरं सांगा, कसा झालाय? बेसन कालवून आणलंय मी. चूल पेटवायचाच अवकाश आहे.”

तात्यारावांच्या एका शब्दावर सगळ्यांचं जेवण होतं. त्यांनी सांबराकडे पाहिलं. मग वाघोबांच्या मांडीवरच्या नव्या शालीकडे पाहिलं. ती जरीची होती.

घास गिळून तात्याराव म्हणाले, “अप्रतिम झालाय.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, बायकोच्या घासाने गहिवरले. टाळ्या झाल्या, शाल झाली, भाषण झालं. मुक्ताबाई कालवलेलं बेसन घेऊन पिल्लांकडे निघून गेली. भंडारा संपला.

भंडारा संपला, की शिकारीची बंदीही संपते. वाघोबांच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. उठता उठता त्यांनी सांबराकडे पाहिलं. सांबराला उठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर सगळे हळहळले. सांबर फार सज्जन होतं, कुणालाही कधी वाईट म्हणालं नाही. मग बोलणं निघालं आणि सर्वांचं एकमत झालं, की दोष मुक्ताबाईचा. तिने थोडं पिठलं टाकलं असतं, तर तिचं काय बिघडलं असतं?

तात्पर्य: ज्याच्या घरी जेवावं, त्याला नेहमी ‘छान झालंय’ म्हणावं. असल्या खोट्याचं पाप लागत नाही. फार तर एखादं सांबर कमी होतं. ते आपण नव्हतो ना, एवढं बघून मग टाळ्या वाजवाव्यात.