डबीरकाकांचं वायफाय

डबीरकाका बेल वाजवत नाहीत. सरळ आमच्या स्वयंपाकघरात घुसतात आणि चालू मायक्रोवेव्ह बंद करतात. वरण कोमट, मी गरम!

"ऐन फोनच्या वेळी हा डबा लावता? याच्या लहरी माझं वायफाय खातात!"

भोपाळच्या गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यात जन्मभर यंत्रं तपासून काका निवृत्त झाले आणि सोनागिरीतली आमची गल्ली तपासायला लागले. आमच्याकडे मोबाइलचं नेट नावापुरतं, सगळी भिस्त वायफायवर. शेजारचे राउटर लहरींच्या एकाच चॅनलवर आले की सगळ्यांचंच रखडतं, म्हणून काकांनी चॅनल वाटून टाकले. आम्हाला एक नंबरचा, गुप्ताजींना अकरा, स्वतःला सहा. एकदा गुप्ताजींचा राउटर आपणहून सहावर गेला. काका फाटकात उभे राहून गरजले, "गुप्ताजी, ये सरासर कब्जा है! हटाइए!" बिचारे गुप्ताजी प्लॉटचे कागद घेऊन बाहेर आले.

काकांच्या घरात दोन राउटर. एक ओसरीत, एक देवघरापाशी. काका रोज फाटकात फोन लावून बोलत बोलत आत जातात, तेव्हा फोनने पहिला सोडून दुसरा धरायचा असतो. तो धरत नाही, आणि दारातच कॉल तुटतो. काका फोनला झापतात, "लोचट मेला! रेंज संपली तरी जुन्यालाच चिकटून बसतो!"

परवा पाहुणे पानावर बसलेले असताना त्यांनी पुन्हा मायक्रोवेव्ह बंद केला. माझं डोकंच फिरलं. तशीच त्यांच्या मागोमाग गेले आणि फाटकात गाठलं.

"काका, दारात तुटतो तर आत बसून लावा ना फोन! ही वरात कशाला?"

"आतून लावला की ती घाबरते," ते माझ्यावरच खेकसले. "म्हणते, कुणाच्या घरात आणलंत मला?"

फोनच्या पडद्यावर त्यांची थोरली बहीण होती, अक्का. आईवडिलांनी नागपूर सोडून भोपाळला हे घर केलं, आणि अक्का लग्न होऊन परत नागपूरला गेल्या. हल्ली त्यांना फारसं काही आठवत नाही.

"मधू, मी आले रे! फाटक उघड," अक्का म्हणाल्या.

काकांनी खरंच फाटक उघडलं. फोन उंच धरून ओसरीत आले, नळ सोडून दाखवला. "पाय धू, अक्का."

"धुतले हो. आधी आईच्या देवांना नमस्कार करते, मग चहा टाक."

काकांनी उंबरठ्याच्या आत पाऊल टाकलं आणि अक्कांचा चेहरा तिथेच थिजला. कॉल तुटला.

आता काका फोन आपटणार, असं मला वाटलं. त्यांनी तो पुन्हा लावला.

"कोण आपण?" पलीकडून परका आवाज आला.

सगळी गल्ली डोक्यावर घेणारा हा माणूस इतकं हळू बोलू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं. माझा राग कुठे ठेवू, मला कळेना.

"मी मधू, अक्का. तू माहेरी आलीस ना? थांब हं, आलो," ते म्हणाले, आणि फाटकाकडे परत निघाले.